स्तुतीला काय उत्तर द्यावे?



आत्ताच चिटणिसांनी माझा परिचय करून दिला. त्यात त्यांनी मला 'व्यासंगी' म्हटले, 'ओघवत्या वाणीचे' म्हटले, आणि तेवढा वेळ मी टेबलावरच्या तांब्याकडे पाहत बसलो होतो. पुढच्या रांगेतल्या मंडळींच्या ते ध्यानात आले असेल. अशा वेळी नजर कुठे ठेवावी हे मला आजवर कळलेले नाही. बोलणाऱ्याकडे पाहावे तर 'चालू द्या, चालू द्या' असे म्हटल्यासारखे होते. तुमच्याकडे पाहावे तर 'ऐकलेत ना?' असे विचारल्यासारखे होते. म्हणून तांब्या. आणि उठल्यावर माझ्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघावयास हवे होते, तेही तुम्हांला पाठ आहे. 'चिटणिसांनी माझ्याविषयी जे चार शब्द सांगितले ते केवळ त्यांच्या प्रेमापोटी.' हे वाक्य आज मी मुद्दाम गिळले, कारण माझा विषयच ते वाक्य आहे. कोणी आपली स्तुती केली म्हणजे माणसे काय बोलतात, आणि देशोदेशीची माणसे निरनिराळे का बोलतात?

विषय किरकोळ वाटेल. या व्यासपीठावर पाणी, शेती, अर्थकारण असे भरभक्कम विषय होत असतात, त्यांच्या पंगतीला हा लिंबाच्या फोडीएवढा. पण या फोडीने एका घरात डोळ्यांना पाणी आणलेले मी पाहिले आहे, आणि तेथूनच मी या विषयाच्या नादी लागलो. ती हकिगत आधी सांगतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, काही वर्षांपूर्वी मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहावयास गेली होती. अक्काच्या हातात सुई असल्यावाचून तिचा दिवस जात नाही. जाताना तिने आईची आणि सासूची जुनी लुगडी पेटीत भरून नेली होती, आणि तिथल्या थंडीत खिडकीशी बसून तिने नातीसाठी गोधडी शिवली. चारी बाजूंनी जुने काठ, आत बारीक धावदोरा. एके दिवशी शेजारची अमेरिकन बाई आली. तिने गोधडी उचलली, उजेडात धरली, टाक्यांवरून बोट फिरवले आणि मनापासून म्हणाली की इतकी सुंदर वस्तू मी फार दिवसांत पाहिली नाही. भाच्याने ते अक्काला सांगितले. अक्का काय म्हणाली असेल ते तुम्ही ओळखलेच. 'कसलं काय! चिंध्या आहेत हो. वेळ जात नाही म्हणून आपलं शिवते झालं.' भाच्याने याचे शब्दाला शब्द भाषांतर केले. बाई 'अस्सं' म्हणाली, गोधडी घडी करून ठेवून दिली, आणि बोलणे हवापाण्यावर गेले.

त्या रात्री अक्का जेवली नाही. 'तिला आवडली नव्हती. उगीच तोंडदेखलं म्हणाली,' एवढेच तिने सुनेला सांगितले. आणि चारच दिवसांनी त्या बाईने सुनेला गाठून विचारले, 'तुमच्या सासूबाईंना मी दुखावले तर नाही ना? त्या कापडाशी काही गरिबीच्या आठवणी जोडलेल्या असतील, माझ्या लक्षात यायला हवे होते.' दोन भल्या बायका, दोघींच्या मनात काडीचे वाईट नाही, आणि दोघीही घायाळ! मला हे फोनवर कळले तेव्हा मी आधी हसलो. मग मात्र हसू येईना.

आता यात नेमके घडले काय? १९७८ साली अनिता पोमेरान्ट्झ या अमेरिकन विदुषीने या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. लोक प्रत्यक्षात कसे बोलतात हे बारकाईने तपासणाऱ्या पंथातल्या त्या. त्यांनी दाखविले की स्तुती ऐकणाऱ्यावर एकाच क्षणी दोन बंधने येतात. समोरचा जे म्हणतो त्याला मान डोलवावी, त्याचे म्हणणे खोडू नये, हे एक. आणि आपल्या तोंडाने आपली थोरवी गाऊ नये, हे दुसरे. 'होय' म्हणावे तर दुसरे बंधन तुटते, 'नाही' म्हणावे तर पहिले. पुढे आड आणि मागे विहीर. मग माणूस मधल्या वाटा शोधतो. स्तुती थोडी कापून घेतो, तिचा रोख दुसरीकडे वळवतो, किंवा लगेच परत करून टाकतो.

या मधल्या वाटा आपल्या घरांत किती पायाखालच्या आहेत पाहा. 'साडी छान आहे हो' याला आपल्याकडे 'थँक्यू' हे उत्तर अलीकडचे. जुने उत्तर म्हणजे साडीची जन्मकथा. 'अगं, जुनीच आहे', 'वहिनीनं दिली', 'दादरला घेतली, स्वस्तात मिळाली'. यात साडी वाईट आहे असे कोणी म्हणत नाही. श्रेय तेवढे वहिनीच्या किंवा दादरच्या दुकानदाराच्या पदरात टाकले जाते. स्वयंपाकाची वाखाणणी झाली की 'आज जरा घाईच झाली' किंवा 'मीठ कमी पडलंय का हो?' गवयाला दाद दिली की गवई गुरूचे नाव घेऊन कानाची पाळी धरतो. मुशायऱ्यात शायर कपाळाकडे हात नेऊन आदाब करतो, आणि उर्दूत तर याला एक असे नाजूक उत्तर आहे की त्याचा हेवा वाटावा. 'आपली जर्रानवाजी आहे', म्हणजे मी धुळीचा कण, मोठेपणा तुमचा की तुम्ही कणालाही गोंजारता! स्तुती नाकारलीही नाही, घेतलीही नाही, आणि समोरचा आपसूक मोठा झाला.

पण आपले खरे हुकमी उत्तर म्हणजे अक्काचेच. 'कसलं काय!', 'कुठलं काय!', 'छे हो!' यातल्या 'कुठलं'कडे नीट पाहा. समोरच्याने 'छान' म्हटले, आणि आपण विचारतो, कुठलं छान? नेमका हाच प्रश्न चिनी माणूस विचारतो. स्तुती झाली की त्याचे ठरलेले उत्तर 'नाली, नाली', म्हणजे शब्दशः 'कुठे, कुठे?' यावर चीनमध्ये एक जुना विनोद सांगतात. एक पाहुणा चिनी यजमानाला म्हणाला, 'आपल्या पत्नी फार सुंदर आहेत.' यजमान लाजून म्हणाला, 'कुठे, कुठे?' दुभाष्याने ते तसेच्या तसे पाहुण्याला सांगितले. पाहुणा गोंधळला, पण सभ्य होता. म्हणाला, 'सगळीकडेच.' भाच्याचे भाषांतर याच जातीचे, फक्त तिथे कोणी हसले नाही.

चीनचा विषय निघाला आहे तर तिथे थोडा मुक्काम करू, कारण या प्रश्नाची सर्वांत बोलकी हकिगत तिथलीच आहे. १९९३ साली रोंग चेन यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. एकीकडे अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातले विद्यार्थी, दुसरीकडे चीनमधल्या शीआन शहरातले. शीआन म्हणजे जुने चांगआन, आपल्याकडची यात्रा आटोपून ह्युएन त्संग जिथे पोथ्या घेऊन परतला तेच नगर. महाराष्ट्राविषयी लिहून ठेवणारा हा पाहुणा, म्हणून नाव सांगितले. तर अमुक प्रसंगी तुमची अशी स्तुती झाली तर काय म्हणाल, असे दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना विचारले. शीआनच्या उत्तरांत शंभरांतली पंचाण्णवांहून अधिक या ना त्या रीतीने स्तुती नाकारणारी निघाली. अमेरिकन उत्तरांत स्वीकार हा सर्वांत मोठा गट. पूर्व ती पूर्व आणि पश्चिम ती पश्चिम म्हणणाऱ्यांना याहून चांगला पुरावा कोणता हवा?

पण गंमत पुढेच आहे. सतरा वर्षांच्या अंतराने, २०१० साली, रोंग चेन आणि दाफू यांग यांनी त्याच शीआनमध्ये तोच प्रयोग पुन्हा करून त्याचे निष्कर्ष छापले. या खेपेस शंभरांतली ६२ हून अधिक उत्तरे सरळ स्वीकाराची होती. उघड नकार राहिला होता नऊच्या आसपास. उरलेली टाळाटाळीची. शतकानुशतके मुरलेला म्हणून जो स्वभाव आपण समजत होतो, तो एका पिढीच्या आत पालटला! चीनचे दरवाजे उघडले, बाहेरचे चित्रपट, पुस्तके, व्यापार, परदेशी शिक्षण आत आले, आणि त्याबरोबर 'शिए-शिए' म्हणजे 'आभारी आहे' हे उत्तरही आले, असा त्याचा अर्थ लावतात.

मी या आकड्यांवर थोडा अविश्वास दाखवू इच्छितो. हे विद्यार्थी कागदावर लिहीत होते. कागदावरचा माणूस आणि ताटावर बसलेला माणूस एक नसतो. तोच विद्यार्थी गावी गेला आणि शेजारच्या म्हातारबुवांनी पाठ थोपटली, तर तो काय म्हणेल, हे कागद सांगत नाही. आपल्याकडचीच मुले पाहा ना. कचेरीत साहेबाने काम वाखाणले की 'थँक यू, सर'. आणि त्याच मुलाला संध्याकाळी मावशी म्हणाली, 'किती छान दिसतोस रे', की 'काहीतरीच काय गं मावशी!' एकाच दिवशी, एकाच तोंडातून. तरीसुद्धा बदल झाला आहे हे नाकारता येणार नाही, आणि तो एकाच दिशेने चालला आहे.

इथे एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. आपल्याला वाटते की अमेरिकन माणूस स्तुती ऐकली की 'थँक्यू' म्हणून मोकळा होतो. तिथल्या शिष्टाचाराच्या पुस्तकांत तसे लिहिलेले असते आणि आयाही मुलांना तसेच बजावतात. पण रॉबर्ट हर्बर्ट यांनी १९८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठात प्रत्यक्ष कानांवर पडलेली हजारांवर उत्तरे गोळा केली, तेव्हा स्तुती सरळ पदरात घेणारी उत्तरे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच भरली. बाकीचे लोक आपल्यासारखेच साडीची जन्मकथा सांगत होते! उलट दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातले इंग्रजी बोलणारे गोरे विद्यार्थी बहुतेक वेळा स्तुती मुकाट्याने घेत होते. भाषा दोघांचीही इंग्रजी. फरक कशाने? हर्बर्ट म्हणतात, अमेरिकन माणूस स्तुती फार वारंवार करतो. ती त्याची ओळख वाढविण्याची रीत आहे, आणि जिथे नाणे इतके खेळते तिथे ते घेणाराही सुटे परत करीत राहतो.

नाणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन या दोघींनी अमेरिकेत सातशेच्या घरात स्तुतिवाक्ये टिपून १९८१ साली त्यांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांना आढळले की शंभरांतली ८५ वाक्ये अवघ्या तीन साच्यांतली आहेत, आणि विशेषणांवर उभ्या असलेल्या स्तुतींपैकी दोन-तृतीयांश पाच शब्दांवर भागतात. टांकसाळीतून पडल्यासारखी. यावर आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. 'छान झालंय हं' याखेरीज आपण तरी रोज काय म्हणतो? रोजच्या स्तुतीला नवेपणा नको असतो. ती हातात पडली हे कळले की पुरे.

आता काही देशांत मात्र स्तुती करताना सांभाळून करावी लागते, कारण वस्तूच अंगावर येते. न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी नोंदविलेला प्रसंग आहे. एका गोऱ्या बाईने आपल्या सामोआ बेटांवरच्या मैत्रिणीच्या गळ्यातल्या माळेची तारीफ केली, तर मैत्रिणीने माळ काढून तिच्यापुढे धरली, 'घे तू.' बाई ओशाळली. अरब देशांतही 'ही तुम्हांलाच अर्पण' असे म्हणण्याची रीत आहे. ते शब्द घ्यावयाचे असतात, वस्तू घ्यावयाची नसते. गेल नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सीरियन आणि अमेरिकन उत्तरांची तुलना छापली. सीरियन उत्तरांत दोन-तृतीयांश स्वीकाराची होती, एक-तृतीयांश सौम्य करून घेण्याची, आणि उघड नकाराचे एकसुद्धा नाही! म्हणजे पौर्वात्य तेवढा स्तुती नाकारतो, हाही सिद्धान्त गेला.

इराणात याचे शास्त्रच आहे, त्याला ते 'तआरोफ' म्हणतात. तुमच्या घड्याळाची कोणी वाखाणणी केली तर तुम्ही म्हणावयाचे, 'पेशकश'. हा शब्द आपल्या इतिहासाच्या वाचकांना चांगला परिचित आहे. धन्यापुढे ठेवावयाचा नजराणा तो. दरबारातला शब्द इराणने घरगुती बोलण्यात जिवंत ठेवला. भाडे विचारले की टॅक्सीवालाही म्हणतो, 'आपल्यापुढे त्याची काय किंमत!' नवखा परदेशी हे खरे मानून उतरून चालू लागतो, आणि मग आरडाओरड होते. आणि 'तू सुंदर दिसतेस' याला इराणी बाईचे एक उत्तर आहे ते मला सगळ्यांत आवडते. 'तुमचे डोळेच सुंदर पाहतात.' आमच्या अक्काला हे ठाऊक असते तर!

मुलांच्या स्तुतीचा मामला निराळा. तिथे नम्रतेपेक्षा भीती अधिक. बाळ गुटगुटीत आहे असे कोणी म्हटले की आपल्या आज्या कावऱ्याबावऱ्या होत. मग तीट, मग मीठ-मोहऱ्या. मुसलमानांत 'माशाल्ला' म्हटल्यावाचून मुलाचे कौतुक करू नये, म्हणजे जे चांगले आहे ते ईश्वरेच्छेने आहे. तुर्कस्तानात निळा मणी. आज दृष्टीवर विश्वास नसलेलेही 'दृष्ट लागेल हं' असे हसून म्हणतातच. स्तुतीत काहीतरी धारदार आहे, ती ज्याला लागते त्याला कापूही शकते, ही जाणीव या सगळ्यांमागे आहे असे मला वाटते.

ती धार कसली, हे मला कळले ते एका बैलाच्या गोष्टीवरून. रिचर्ड ली नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या कालाहारीच्या वाळवंटात शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांत राहिले होते. १९६९ साली त्यांनी ही हकिगत लिहिली. नाताळला बैल कापून मेजवानी करण्याची चाल त्या मुलखात मिशनऱ्यांच्या मार्गाने पोचली होती. लींनी ठरविले की निघण्यापूर्वी या लोकांना तृप्त करावयाचे. हिंडून हिंडून त्यांनी शोधला तो सर्वांत मोठा, चरबीने थबथबलेला बैल. वजन बाराशे पौंडांच्या घरात. झाले, दुसऱ्या दिवसापासून एकेक जण येऊन म्हणू लागला, 'हा बैल घेतलास? हा तर हाडांचा सापळा. याची शिंगं खायची का आम्ही? या नाताळला उपाशी झोपणार तर.' बायका म्हणाल्या, म्हातारे म्हणाले. मांसाच्या वाटणीवरून भांडणे होतील असेही भाकीत झाले. लींची झोप उडाली. नाताळच्या सकाळी बैल कापला, तर छातीवर दोन-दोन बोटे चरबी! लोक हसून हसून लोटपोट होत होते आणि तरीही म्हणत होते, 'काय हा मरतुकडा बैल!' दोन दिवस खाणे आणि नाचणे चालले, कोणी उपाशी राहिले नाही, भांडले नाही.

लींनी मग एकेकाला खोदून विचारले. उत्तर मिळाले ते असे की आम्ही आपसांतही असेच वागतो. ज्याने मोठी शिकार केली त्याने गावात येऊन गप्प बसावयाचे. कोणी विचारले तर 'काही विशेष नाही, एक लहानसे जनावर दिसले' म्हणावयाचे. दुसऱ्या दिवशी मांस आणावयास गेलेल्यांनी वाटेत कुरकुरावयाचे की एवढ्याशासाठी कशाला तंगडतोड करविलीस. कारण तरुणाने पुष्कळ मांस आणले की त्याला वाटू लागते, मी यांचा नायक, हे माझे आश्रित. अशा माणसाच्या हातून एक दिवस कोणाचा तरी जीव जातो. म्हणून त्याच्या मांसाला नावे ठेवून त्याचे मन निववावयाचे.

हे वाचल्यावर आमच्या घरातले 'कसलं काय' मला निराळे ऐकू येऊ लागले. स्तुती करणारा स्तुती केलेल्याला क्षणभर उंच उचलतो. बाकीचे खाली राहतात. ज्यांना उद्याही एकमेकांच्या विहिरीवर, एकमेकांच्या ओसरीवर जावयाचे आहे त्यांना ही उंची अडचणीची होते. मग कोणी वस्तूच देऊन टाकतो, कोणी देवाकडे बोट दाखवतो, कोणी गुरूकडे, कोणी वहिनीकडे, आणि कोणी 'चिंध्या आहेत' म्हणतो. काहीही करून चटकन खाली उतरावयाचे. मिझुरीतला विद्यार्थी ओझे कमी मानतो, कारण त्याला उद्या दुसऱ्या गावी जावयाचे असते. आणि शीआनचा विद्यार्थीही आता दुसऱ्या गावी निघालेला आहे. हे माझे अनुमान, ते त्या विद्वानांच्या माथी मारू नका.

पण 'कसलं काय' हे उत्तर एकट्याचे नसते, ही गोष्ट अक्काच्या प्रसंगात माझ्या ध्यानात आली. त्याला जोडीदार लागतो. आपल्याकडे 'छान आहे' म्हटले, 'कसलं काय' आले, की पहिल्याने पुन्हा म्हणावयाचे असते, 'नाही हो, खरंच सांगते, असा टाका आता कोण घालतं?' मग अक्का म्हणणार, 'आईचा हात होता, तिच्याकडून शिकले.' मग आईच्या लुगड्याची गोष्ट निघणार. चहा होणार. ही चार पावलांची फुगडी आहे. अमेरिकन बाईला दुसरे पाऊल ठाऊक नव्हते. तिच्या देशात 'चिंध्या आहेत' म्हटले की विषय संपतो. पुढे आग्रह करणे म्हणजे त्या माणसाला खोटे पाडणे. अक्का त्या दिवशी दुसऱ्या वाक्याची वाट पाहत बसली होती. ते आलेच नाही. एकटीने फुगडी घालावयास गेलेला माणूस पडणारच.

आणि जोडीदाराला खेळ ठाऊक नसणे हे परदेशातच घडते असे नाही. चिनी शिष्टाचारात आपल्या मुलाचा उल्लेख 'कुत्र्याचे पिलू' असा करण्याची जुनी पद्धत होती. जपानी पत्रलेखनात आपला मुलगा म्हणजे 'डुकराचे पोर' आणि आपली बायको म्हणजे 'मूर्ख बायको'. आज ते शब्द बहुतेक मागे पडले. आपण हसतो. पण मी अकरा वर्षांचा असताना आमच्या मास्तरांनी वडिलांना रस्त्यात थांबवून सांगितले, 'मुलगा हुशार आहे हो तुमचा.' वडील म्हणाले, 'कसला हुशार! नुसता घोकंपट्टी. डोकं कुठं आहे त्याला?' मास्तर खेळातले होते. ते म्हणाले, 'नाही, नाही, नाव काढील.' दोघे समाधानाने आपापल्या वाटेने गेले. मी वडिलांचे बोट धरून उभा होतो. मला खेळ ठाऊक नव्हता. मला एवढेच ऐकू आले की आपल्याला डोके नाही, आणि हे सांगणारा माणूस आपल्याला सगळ्यांत जवळून ओळखतो. पुढे कित्येक वर्षे परीक्षेला बसताना ते वाक्य माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसे. मोठेपणी आईजवळ एकदा बोललो तर ती चकितच झाली. म्हणाली, 'मग काय, होय, आमचा मुलगा फार हुशार आहे, असं म्हणायला हवं होतं का त्यांनी? चारचौघांत?'

तिचेही बरोबर होते. वडिलांनी स्वतःविषयी 'मला काय येतंय' म्हटले असते तर मी त्यांना हात जोडले असते. आपली नम्रता आपल्या खिशातून खर्च करावी. मुलाच्या किंवा बायकोच्या खिशात हात घालून ती करू लागलो की ज्याचे जाते त्याला कळते. चारचौघांत बायकोच्या स्वयंपाकाला 'ठीक असतो आपला' म्हणणारे सद्गृहस्थ या सभेत नसतीलच, म्हणून मी अधिक बोलत नाही.

अक्काचे पुढे काय झाले ते राहिले. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा गेली. या खेपेस नात नऊ वर्षांची होती आणि तिने आजीला शिकवून तयार केले. 'आजी, ती बाई काहीही छान म्हणाली ना, की फक्त थँक्यू म्हणायचं. बाकी काही नाही. प्रॉमिस?' आजीने कबूल केले. बाई आली. अक्काने तिच्यासाठीच एक लहान दुपटे शिवून ठेवले होते, ते पुढे केले. बाईने ते गालाला लावले आणि पुष्कळ काही बोलली. अक्का ताठ बसून म्हणाली, 'थँक्यू.' नातीने सुटकेचा श्वास सोडला. पण अक्काच्या ओठांवर ते 'थँक्यू' काही नीट बसेना. क्षणभर तिने दुपट्याच्या कोपऱ्याकडे पाहिले, आणि मराठीत म्हणाली, 'पण इथं टाका जरा वाकडा गेलाय, सांग तिला.'

बाईने नातीकडे पाहिले. नातीने आजीकडे पाहिले, आणि ते काही तिने इंग्रजीत सांगितले नाही.